इतिहासाच्या पेपरात भूगोल लिहायचा नाही म्हणे!

आज लेकीचा चाचणीचा पेपर हातात आला आणि डोकंच फिरलं. प्रश्न होता, अकबराने असीरगड का जिंकला? पोरीनं लिहिलं, 'सातपुडा ओलांडायची सोपी वाट त्या किल्ल्याखालून जाते म्हणून.' त्यावर लाल काट आणि बाजूला शेरा: 'भूगोल इथे नको.'

नको? मग फौजा काय विमानानं आल्या होत्या?

मी पाचवीत असताना बाबांनी मला भुसावळहून बऱ्हाणपूरला नेलं आणि तिथून खांडव्याच्या बसनं असीरगडाच्या पायथ्याशी उतरवलं. मे महिना, चपलेला डांबर चिकटत होतं. बाबा म्हणाले, "तू बादशहा. हत्ती, तोफा, बैल, सगळं लटांबर घेऊन दिल्लीहून आलास. नर्मदा उतरलास. समोर सातपुडा. आता कुठून जाशील?" मी रस्त्याकडे बोट केलं. "आणि वर गडावर दुसराच कुणी बसलाय!" एवढं बोलून उसाचा रस पाजला. तास संपला.

पण खानदेशावर राज्य करणारे फारुकी सुलतान मला तिथेच कळले. शेजारी गुजरात, माळवा, बहमनी असे दांडगे असताना एवढंसं खानदेश दोनशे वर्षं तगलं, ते या खिंडीच्या जिवावर. १६०१ मध्ये गड पडला आणि राज्यही संपलं. मग बऱ्हाणपूर झालं मुघलांचं दख्खनमधलं ठाणं. मुमताज महल १६३१ साली तिथेच गेली. आपली भुसावळ-खांडवा रेल्वेसुद्धा त्याच खिंडीतून जाते.

हो, अलाउद्दीन खिलजी १२९६ मध्ये एलिचपूरकडून, म्हणजे आजच्या अचलपूरकडून, देवगिरीवर आला, वाट एकच नव्हती. मान्य. पण सातपुडा त्यालाही चुकला नाही ना!

आणि तो बिचारा तुघलक. १३२७ ची राजधानी, 'वेडा महंमद', संपला विषय. अरे, दिल्ली ते दौलताबाद वाटेत काय काय लागतं ते एकदा पोरांकडून म्हणून घ्या: विंध्य, नर्मदा, सातपुडा, तापी, अजिंठ्याचे डोंगर. बायकापोरं घेऊन हे चालायचं म्हणजे काय, ते विचारा. पण नाही, तो दुसऱ्या वहीतला धडा.

बाईंवर तरी किती चिडू? वर्गात साठ पोरं, छापील उत्तरपत्रिका, वर जनगणनेची कामं. त्यांनाही कुणी असीरगडाखाली उभं केलं नसेल.

रात्री लेकीपुढे नकाशा पसरला आणि बाबांचाच प्रश्न विचारला. तिनं बोट फिरवलं, खिंडीपाशी थांबली. म्हणाली, "पण पप्पा, एवढ्या माणसांना पाणी कुठलं?"

मग काय, बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याची गोष्ट निघाली. सातपुड्यातून तापीकडे झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात धरायचं, वर शंभरेक कुंड्या विहिरीसारख्या, आणि नुसत्या उतारानं ते शहरात आणायचं. १६१५ चं काम, जहांगीराच्या काळातलं.

साडेअकरा वाजले. गृहपाठ तसाच राहिलाय. उद्या आणखी एक लाल शेरा येईल, सही मी करीन.