कशाला हवी आहे खुकुरी?

नेपाळमधून खुकुरी, म्हणजे गुरख्यांची ती बाकदार सुरी, मागवणाऱ्या माणसाकडे पैसा, सवड आणि धीर या तीन गोष्टी असाव्या लागतात; परंतु त्यांच्याही आधी त्याच्याकडे "कशाला?" या प्रश्नाचे उत्तर असावे लागते. हा प्रश्न बायको विचारते, बँक विचारते आणि आपण ज्या देशात राहतो त्या देशाचा कायदाही विचारतो. मी इंग्लंडमध्ये ऑल्डरशॉट या लष्करी गावाजवळ राहतो. 1997 पूर्वी ब्रिटिश सैन्यातून निवृत्त झालेल्या गुरख्यांना 2009 साली या देशात स्थायिक होण्याचा हक्क मिळाला, आणि तेव्हापासून या परिसरात मोमो आणि गुंद्रुक (आंबवून वाळवलेली नेपाळी पालेभाजी) मिळवणे चांगला पाव मिळवण्यापेक्षा सोपे झाले आहे. अशा हवेत राहणाऱ्याला खुकुरीची बाधा होणे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

माझ्या बाबतीत बाधा जुनी आहे. आमच्या चाळीत रात्री काठी आपटत फिरणारा आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दारात येऊन सलाम ठोकणारा जो गुरखा होता, त्याच्या कमरेला मी ती पाहत असे. म्यानाबाहेर मात्र ती कधीच पाहिली नाही, कारण एकदा उपसलेली खुकुरी रक्त पाजल्याशिवाय परत म्यान करता येत नाही, असे चाळीतल्या जाणकारांनी परस्पर ठरवून टाकले होते. ही दंतकथा निखालस खोटी आहे. नेपाळच्या डोंगरांत खुकुरीने लाकडे फोडतात, झाडोरा छाटतात, बोकडही कापतात आणि कांदाही चिरतात. प्रत्येक वेळी रक्त पाजायचे म्हटले असते, तर त्या देशात दहाही बोटे शाबूत असलेला स्वयंपाकी सापडला नसता.

"घरात विळी आहे, गावाहून आणलेला कोयता आहे. लाल भोपळा चिरायला गुरख्यांची पलटण कशाला बोलवायची?" असे बायकोने विचारले. यावर मी खंडेनवमीचे नाव पुढे केले. शस्त्रपूजेला घरात एक तरी शस्त्र असावे, हा युक्तिवाद धार्मिक असल्यामुळे तो तिला फेटाळता आला नाही. तिने फक्त देवाकडे पाहिले.

खुकुरी घ्यायची असे म्हणणे हे आंबा घ्यायचा असे म्हणण्याइतकेच मोघम आहे. सिरु नावाच्या गवताच्या पात्यासारखी सडपातळ ती सिरुपाते. पूर्व नेपाळातल्या भोजपूरच्या लोहारांच्या घडणीची, पोटाशी रुंद आणि अंगाने भरदार ती भोजपुरे. पात्यावर लांब पन्हळी कोरलेली ती चिर्रा. आणि चांदीने मढवलेल्या म्यानातली ती कोथीमोरा, जी विकत घेण्यापेक्षा पलटणीतून निवृत्त होताना भेट मिळवणे अधिक शोभून दिसते. प्रत्येकीच्या पात्याला मुठीजवळ एक लहानशी खाच असते. ती गाईचे खूर आहे, शिवाचा त्रिशूळ आहे, की पात्यावरून ओघळणारे पाणी वा रक्त मुठीपर्यंत येऊ नये म्हणून केलेली सोय आहे, याबद्दल विक्रेत्यांत जेवढे मतभेद आहेत तेवढे आमच्या महाराष्ट्र मंडळात गणेशोत्सवाच्या जेवणाबद्दलही नसतात.

मी आयुष्यभर नकाशे आणि मापे यांच्यावर पोट भरलेला माणूस असल्यामुळे नेपाळमधल्या कारखान्याला एक तक्ता पाठवला. त्यात पात्याची लांबी, पाठीची जाडी, वजन आणि गुरुत्वमध्याचे मुठीपासूनचे अंतर, हे सारे मिलिमीटरमध्ये आणि ग्रॅममध्ये, किती फरक चालेल त्यासह नोंदवले होते. नेपाळचे घड्याळ भारताच्याही पंधरा मिनिटे पुढे असल्याने तिकडची सकाळ माझ्या गाढ झोपेत उगवते. अशाच एका अपरात्री उत्तर आले: "दाइ (म्हणजे दादा), काटना क्या है?"

हा तोच प्रश्न होता, पण त्यात संशयाचा लवलेश नव्हता. तोपर्यंत ज्यांनी ज्यांनी तो विचारला होता त्यांना मला अडवायचे होते. या गृहस्थांना काम सुरू करायचे होते. मी नारळ, भोपळा, कुंपणाची काटेरी झुडपे, शेकोटीची लाकडे आणि शेवटी, जरा संकोचाने, पूजा असे लिहिले. "पूजा के लिए कोई भी चलेगी. नारियल के लिए पीठ मोटी चाहिए. दस इंच, थोड़ा इधर-उधर." माझ्या तक्त्यातल्या सगळ्या आकड्यांचा निकाल त्या "थोड़ा इधर-उधर"ने लावला.

पुढे त्यांनी चित्रफीतही पाठवली. पोलाद ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचे. तो तुकडा भट्टीत लाल करायचा, दोघांनी आळीपाळीने घण घालायचे आणि डोळ्यांच्या मापाने बाक आणायचा. सगळ्यात नाजूक काम पाणी देण्याचे. पाते पाण्यात बुडवत नाहीत. किटलीच्या तोटीतून बारीक धार धरून फक्त पात्याच्या धारेवरून पाणी ओतत नेतात, त्यामुळे धार कठीण होते आणि पाठ मऊ, म्हणजे दणका सोसणारी, राहते. इंग्लंडमध्ये दिवसातून दहा वेळा किटली हाती घेणाऱ्या या समाजाला तिचा असा उपयोग सुचला नाही, हे मला नोंदवावेसे वाटते. आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते, आणि ती विनोदाची नाही. जिच्यावर नेपाळ अभिमान सांगतो ती खुकुरी घडवणाऱ्या कामी जातीच्या लोहारांना त्याच समाजाने अस्पृश्य मानले. 1963 च्या कायद्याने ही प्रथा कागदावरून काढली, पण कागदावरची गोष्ट किती खोलवर पोहोचते हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

पैसे पाठवताना बँकेने व्यवहार रोखला आणि फसवणूक प्रतिबंध विभागातून एका मुलीचा अत्यंत मायाळू आवाजात फोन आला. हे पैसे पाठवण्यासाठी माझ्यावर कोणी दबाव आणत आहे का, समोरच्या व्यक्तीशी माझी ओळख प्रेमसंबंधातून झाली आहे का, असे तिने विचारले. मी म्हणालो, नाही, सुरीसाठी आहेत. काही क्षण शांतता पसरली. मग मी घाईघाईने, ते खरे म्हणजे शेतीचे अवजार आहे, अशी दुरुस्ती केली. तिने मला शेती आहे का असे विचारले, आणि मी कुंडीतल्या कढीपत्त्याच्या आधारावर होय म्हणालो.

ऑर्डर मी श्रावणातच दिली होती. खंडेनवमीला पाटावर खुकुरी असेल असा माझा हिशेब होता. पण आमचा दसरा तोच त्यांचा दसैं, आणि दसैं म्हणजे नेपाळातला सर्वांत मोठा सण, हे पंचांगाला ठाऊक होते. घटस्थापनेच्या सुमारास निरोप आला की कारागीर गावी गेले आहेत. नवमीला तिकडेही हत्यारांची आणि अवजारांची पूजा होते, म्हणजे माझी खुकुरी अर्धवट अवस्थेत का होईना, पूजली गेली असावी. आमच्या पाटावर विळी, पेचकस आणि लॅपटॉप होता. दसैंनंतर तिहार आला, म्हणजे दिवाळी, आणि भट्टी पुन्हा थंड झाली.

अखेर खोके इंग्लंडात पोहोचले तेव्हा कायदा दारात उभा होता. 50 सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पात्याच्या वक्र तलवारींवर इथे बंदी आहे, त्यातून खुकुरी आखूड असल्यामुळे सुटते. परंतु 2019 च्या कायद्याने, परदेशातून मागवलेले असे धारदार हत्यार घरपोच देताना घेणारा 18 वर्षांचा आहे याची खात्री करावी लागते. साठीच्या उंबरठ्यावरच्या माझ्या टकलाकडे पाहत, ज्याला नुकतीच मिसरूड फुटली होती अशा कुरियरवाल्याने माझ्याकडे वयाचा पुरावा मागितला. वाहनपरवाना गाडीत होता आणि गाडी बायकोने नेली होती. तो खोके घेऊन परत गेला.

दुसऱ्या दिवशी मला ते गोदामातून आणावे लागले. तिथे आधी 20 टक्के व्हॅट आणि तो वसूल करण्याच्या श्रमांचे वेगळे शुल्क भरले, मग बसस्टॉपवर उभा राहिलो. तीन इंचांपर्यंतची घडीची सुरी सोडून कोणतेही पाते योग्य कारणाशिवाय सार्वजनिक ठिकाणी बाळगणे हा इथे गुन्हा आहे. माझे कारण योग्य होते आणि त्याची पावती खिशात होती, तरीही घरी पोहोचेपर्यंत मी ते कारण मनातल्या मनात इंग्रजीत, तीन वेगवेगळ्या काळांत, म्हणून पाहिले.

खुकुरी मात्र देखणी निघाली. शिसवाची मूठ, लाकडावर म्हशीचे कातडे चढवलेले म्यान आणि त्याच्या पाठीशी दोन पिल्ले: लहान कामांसाठी कर्दा आणि धार सारखी करायला चकमक. उपसताना म्यानाला धारेच्या बाजूने बोटे गुंडाळायची नाहीत, कारण धार शिवण कापून बाहेर येऊ शकते, हे कारखान्याने तीनदा बजावले होते. पाठीच्या दोन फटक्यांत नारळाची दोन समान शकले झाली. बायकोने ती खवायला विळीवर नेली आणि जाता जाता लसूण सोलण्यासाठी कर्दा उचलला. तो परत आलेला नाही. पोलाद गंजणारे असल्यामुळे मी पात्याला खोबरेल लावले, पण इथल्या थंडीत ते गोठून पात्यावर पांढरा थर बसला आणि शिवणयंत्राचे तेल शोधावे लागले.

पुढच्या रविवारी मी कुंपणाची काटेरी झुडपे तोडत असताना शेजारचे निवृत्त गुरखा सैनिक फाटकाशी येऊन उभे राहिले. त्यांनी खुकुरी हातात घेतली, तोलली, अंगठ्याने धार आडवी चाचपली आणि "अच्छी है. कितने में पड़ी?" असे विचारले. मी व्हॅटसकट आकडा सांगितला. त्यांनी ती अदबीने माझ्या हाती परत दिली, आपली स्वतःची दिवाणखान्याच्या भिंतीवर असते असे सांगितले, आणि झुडपांसाठी त्यांच्याकडे विजेवर चालणारे छाटणीयंत्र आहे, ते शनिवारपर्यंत मला नेता येईल, असे म्हणाले.