‘मी येतो’ म्हणणारी मुलगी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

प्रकाश नारायण संतांच्या, लंपन या मुलाच्या गोष्टी सांगणाऱ्या चार कथासंग्रहांवरचा माझा लेख वाचून तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. तुमचे आक्षेप दोन. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना त्यातलं पहिलं पुस्तक ‘वनवास’ दिलं, तर त्यातल्या कानडी वळणाच्या मराठीनं त्यांची भाषा बिघडेल. आणि ‘मी कोण, मी कुठला’ यात त्यांना अडकवण्यापेक्षा फास्टर फेणे द्यावा, धाडसाच्या गोष्टींनी मन घट्ट होतं. पंचवीस वर्षं मराठी शिकवलेल्या शिक्षकाचं हे म्हणणं आहे, त्यामुळे चार ओळींत उत्तर देऊन भागणार नाही.

फास्टर फेणे मलाही अतिशय प्रिय आहे. पण भा. रा. भागवतांचा हा बन्या मूळचा फुरसुंगीचा, शिकायला पुण्यात आलेला. बाहेरून आलेल्या मुलानं शहरात आपली जागा करणं त्याच्याही गोष्टीत आहेच, फक्त ते सायकलच्या वेगात दिसत नाही. लंपनला तसा वेग नाही. आईबाबा आणि भावंडं एका गावी, हा आजीआजोबांकडे दुसऱ्या गावी. दोन्ही घरं त्याची आणि दोन्हीकडे काहीतरी कमी. हे लिहिणाऱ्या प्रकाश नारायण संतांचं दुसरं नाव भालचंद्र गोपाळ दीक्षित होतं. दोन नावांच्या माणसानं दोन घरांचा मुलगा लिहिला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता भाषेचं. आमच्या वाचनगटात दोन वर्षांपूर्वी एक मुलगी आली. वडिलांची बदली झाल्यामुळे बेळगाव भागातून पुण्यात आलेली. पहिल्याच दिवशी निघताना ती म्हणाली, “मी येतो.” तिच्याकडे बायका-मुली असंच बोलतात, कोल्हापूर-गडहिंग्लजकडेही ऐकू येतं. शाळेत मात्र याच वाक्यावरून “तू मुलगा आहेस का?” असं तिला रोज विचारलं जात होतं. तिनं त्यावर काढलेला उपाय असा, की क्रियापद लागेल असं बोलायचंच नाही. “हो.” “नाही.” “माहीत नाही.” तीन महिने आम्ही तिच्याकडून एवढंच ऐकलं. मला वाटायचं, लाजाळू असेल. माझं चुकलं होतं.

मग एका शनिवारी लंपनची एक गोष्ट मोठ्यानं वाचली. त्यातल्या कणबर्गी गंग्या या मुलाचं नाव आलं आणि ती पटकन म्हणाली, “कणबर्गी आमच्या घराजवळच आहे!” त्या दिवशी तिनं गटाला कणबर्गी कुठे, तिकडे कसं जायचं, आजी कानडीत कुणाशी भांडते आणि मराठीत कुणाशी, सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. कारण तिचं गाव आता छापील पुस्तकातलं होतं.

तिची भाषा बिघडली का? नाही. शाळेच्या निबंधात ती आता व्यवस्थित ‘मी गेले’ लिहिते. कुठे काय बोलायचं हे मुलांना कळतं. तुम्हीही वर्गात बहिणाबाई शिकवल्याच असणार. ‘बहिणाबाईंची गाणी’ 1952 साली छापून आली, तेव्हापासून मुलं सुगरणीच्या खोप्याची कविता खानदेशी बोलीत पाठ करतात. त्यामुळे कुणाचं शुद्धलेखन घसरल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. मग कवितेतल्या बोलीला जो मान आपण देतो, तो गोष्टीतल्या मुलाच्या बोलीला का नाही?

एका बाबतीत तुम्ही मला थांबवलंत ते बरं झालं. संतांनी या कथा खास मुलांसाठी लिहिलेल्या नाहीत, आणि मालिका पुढे जाते तसं दुःख गडद होत जातं. चारही पुस्तकं एकदम मुलांच्या हाती द्यावीत असं माझ्या लेखातून वाटत असेल, तर ती माझी चूक. ‘वनवास’पासून सुरुवात करावी आणि शक्य तर सोबत बसून वाचावं, अशी दुरुस्ती मी लेखात करते आहे.

त्या मुलीनं नंतर गटाच्या वहीत आजीवर दीड पान लिहिलं. त्यात एक वाक्य आहे : “मी आजीला म्हटलो, मी परत येतो.” ऱ्हस्व-दीर्घ मी तपासले, हे वाक्य तसंच ठेवलं. ती तुमच्या वर्गात असती, तर तुम्ही तिथे लाल शाई वापरली असती का? तुमचं उत्तर मला खरोखर ऐकायचं आहे.