बुडालेली स्कोबी मेलेली नसते, आणि बुरशी चमच्याने काढता येत नाही

घरी कोंबुचा, म्हणजे गोड चहा आंबवून केलेलं पेय, लावणाऱ्यांमध्ये एक यादी सतत फिरत असते. तिचं म्हणणं थोडक्यात असं: स्कोबी, म्हणजे चहा आंबवणाऱ्या जिवाणू आणि यीस्टची चकती, तरंगली तर जिवंत, तळाशी गेली तर मेली. खाली तपकिरी तंतू लोंबायला लागले की चहा नासला. बुडबुडे दिसत नाहीत म्हणजे आंबणं थांबलं. व्हिनेगरसारखा वास आला तर फेकून द्या. आणि वर बुरशी आलीच तर घाबरू नका, तेवढा भाग चमच्याने काढा, कारण इतक्या आंबट पाण्यात अपायकारक काही टिकत नाही.

पहिली चार विधानं चांगला चहा मोरीत ओतायला लावतात. पाचवं वाईट चहा प्यायला लावतं, आणि म्हणून ही यादी मला नुसती चुकीची नाही, घातक वाटते.

तरंगण्या-बुडण्याचं आधी पाहू. स्कोबी म्हणून आपण जी चकती हातात घेतो ती बरीचशी सेल्युलोज असते. कोमागाटाइबॅक्टर गटातल्या जिवाणूंनी विणलेली. तिच्याखाली वायू साचला की ती वर येते, वायू निसटला की खाली जाते, कधी तिरकी उभी राहते. जिवंतपणाशी त्याचा काही संबंध नाही. बघायचं असतं ते चहाच्या पृष्ठभागाकडे. या जिवाणूंना हवा लागते, त्यामुळे नवा पापुद्रा चहा आणि हवा जिथे भेटतात तिथेच धरतो, जुनी चकती कुठेही पडलेली असो. उबदार जागेत तीन-चार दिवसांत तो दिसू लागतो, थंडीत दहा दिवसही लागतात. सुरुवातीला पांढुरके, ओले, अर्धपारदर्शक ठिपके येतात, मग ते एकमेकांना जोडले जातात. याच टप्प्यावर ते बुरशी समजून अनेकजण धसका घेतात.

खरं तर चकतीला फार भाव दिला जातो. आधीच्या खेपेतला मुरलेला आंबट चहा विरजण म्हणून पुरेसा असेल तर चकतीशिवायही कोंबुचा लागतो. उलट जाडजूड, देखणी चकती नुसत्या कोऱ्या गोड चहात सोडली, तर पहिल्या काही दिवसांत बुरशीला रान मोकळं मिळतं.

तपकिरी तंतूंबद्दल एवढंच, की ते यीस्टचे पुंजके आहेत. यीस्ट साखर फोडतं, तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. जिवाणू त्या अल्कोहोलचं अ‍ॅसिटिक आम्ल करतात आणि ग्लुकोजपासून ग्लुकॉनिक आम्ल. म्हणजे ज्याला यादी नासकेपणा म्हणते तो कामकऱ्यांचाच एक गट आहे. तोंडात आलेले आवडत नसतील तर गाळून घ्या. चहाचा रंग दिवसेंदिवस फिका होतो, तेही आम्ल वाढल्याचं लक्षण आहे. यादीत ते कसं सुटलं कोण जाणे.

बुडबुड्यांचं उत्तर फडक्यात आहे. बरणीच्या तोंडाला कापड बांधलेलं असतं, वायू त्यातून निघून जातो. फसफस हवी असेल तर तयार चहा घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून ठेवावा लागतो. पहिल्या बरणीत ती नसणं हे अपयश नाही.

व्हिनेगरचा वास तर यायलाच हवा. तो फार झोंबणारा झाला तर खेप जास्त दिवस राहिली एवढाच अर्थ; ती पुढच्या खेपेला उत्तम विरजण होते. कुजका, सडका वास मात्र वेगळा. तो आला तर चव घेऊन खात्री करायच्या भानगडीत पडू नका.

आता बुरशी. आम्लात काही टिकत नाही हे अर्धसत्य आहे. रोग पसरवणारे बरेच जिवाणू आम्लात वाढू शकत नाहीत, हे खरं. बुरशीचा हिशेब निराळा आहे. लिंबू इतकं आंबट, तरी त्यावर हिरवी बुरशी धरतेच. शिवाय आपल्याला दिसतो तो वरचा लोकरीसारखा भाग; तिचे धागे खाली उतरलेले असतात, आणि काही बुरश्या जी विषं तयार करतात ती द्रवात मिसळतात. चमचा त्यांना काढू शकत नाही, उकळूनही ती सगळी नष्ट होत नाहीत. म्हणून चहा आणि स्कोबी दोन्ही टाकायचं, बरणी साबण आणि कडक गरम पाण्याने धुवायची, नवं विरजण आणायचं. चकती धुऊन परत वापरणं हा मोह अनेकांना आवरत नाही, पण आवरावा.

ओळखायची कशी? बुरशी कोरडी, केसाळ, पृष्ठभागाच्या वर उठलेली असते, बहुधा गोल डागांत. आधी पांढरी, मग हिरवी, निळसर किंवा काळी. चहात पूर्ण बुडालेली वस्तू बुरशी नसते. पातळ, पांढरी, सुरकुत्या पडलेली, केस नसलेली साय आली तर ते बहुतेक हवेवर वाढणारं जंगली यीस्ट. विषारी नाही, पण चव बिघडवतं. शंका असेल तर दोन दिवस न हलवता, न चाखता थांबा. पापुद्रा असेल तर गुळगुळीत आणि जाड होईल, बुरशी असेल तर केस आणि रंग धरेल.

यादीत ज्याचा उल्लेखच नाही ती गोष्ट म्हणजे आम्लता, आणि नीट चाललंय का हे मोजून सांगणारी तीच आहे. एकूण चहाच्या 10 ते 20 टक्के विरजण घातलं की पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) पहिल्याच दिवशी साधारण 4.5 च्या आसपास किंवा खाली येतो. सात दिवसांत तो 4.2 किंवा त्याहून कमी झाला नाही, तर विरजण दुबळं आहे किंवा जागा थंड आहे. ती खेप पिऊ नये. तयार चहा साधारण 2.5 ते 3.5 मध्ये असतो. 2.5 च्या खाली गेलेला विरजणासाठी राखून ठेवा. जिभेवर विसंबू नका, साखर आंबटपणा झाकते. पीएचच्या पट्ट्या पुरतात.

आणखी एक राहिलं. चिलटं व्हिनेगरच्या वासावर येतात, जाळीदार कापडातून आत शिरतात आणि पापुद्र्यावर अंडी घालतात. अळ्या दिसल्या तर तीही खेप टाकायची. कापड घट्ट विणीचं घ्या आणि रबराने आवळून बांधा.