‘या वयात ते ठेवून काय करायचंय?’

स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं की आपल्याकडे घरात जी चर्चा सुरू होते, तिच्यात हे वाक्य कुणीतरी बोलतंच. माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत ते तिचे थोरले दीर बोलले. ताई छप्पन्न वर्षांची, कणकवलीजवळच्या गावात राहते, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. उजव्या बाजूला दोन सेंटिमीटरच्या आसपासची गाठ, बायोप्सीचा रिपोर्ट कॅन्सरचा. संध्याकाळपर्यंत फॅमिली ग्रुपवर निकाल लागला होता: पूर्ण काढून टाका, विषय संपवा. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. सगळ्यांना ती जगायला हवी होती. फक्त ग्रुपवर ती स्वतः नव्हती, आणि गाठ ‘साधीच’ आहे असंच तिला तोवर सांगितलेलं होतं.

मी इंग्लंडात, लीड्सला राहते. काही वर्षांपूर्वी याच आजारातून गेले आहे, म्हणून हे लिहायला बसले.

ताईच्या जागी तिशीतली, लग्न न झालेली मुलगी असती तर हेच लोक नेमकं उलटं बोलले असते. ‘काहीही करा डॉक्टर, पण वाचवा, तिचं लग्न व्हायचंय.’ दोन्ही वेळा बाईच्या शरीराचा हिशेब दुसऱ्याच्या नजरेने होतो. बघणारा आहे का, नाही, मग कशाला हवं? बघणारा यायचाय का, हो, मग ठेवा. आंघोळ करताना, कुशीवर वळताना, ब्लाऊजची हुकं लावताना ते शरीर जिला रोज लागतं, तिचं नाव या हिशेबात कुठेच येत नाही.

इथे माझं निदान झालं तेव्हा सर्जनने माझ्यासमोर कागदावर दोन गोल काढले. एकात गाठ आणि तिच्याभोवतीचा निरोगी पेशींचा काठ तेवढा खोडला, दुसऱ्यात अख्खा गोल. म्हणाल्या, पहिला मार्ग घेतलास तर मागून रेडिएशन घ्यावं लागेल, आणि काठावर कॅन्सरच्या पेशी सापडल्या तर पुन्हा टेबलावर यावं लागेल. हे पुन्हा यावं लागणं इथे विरळा नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत इंग्लंडमधल्या अशा साधारण पाचातल्या एका बाईचं दुसरं ऑपरेशन झालेलं दिसलं. दुसऱ्या मार्गात स्तन जातो, पण बऱ्याच जणींचं रेडिएशन टळतं. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मला कुणी तोपर्यंत सांगितलं नव्हतं: तुझं आयुष्य किती, याला या दोन्हींतून फरक पडत नाही.

मला ते खरं वाटेना. जास्त काढलं म्हणजे जास्त सुरक्षित, हे आपल्या हाडात बसलेलं आहे, आणि ते वैद्यकशास्त्रानेच बसवलेलं आहे. बाल्टिमोरच्या विल्यम हालस्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या लिम्फच्या गाठी (या सगळ्यांना असतातच, कॅन्सरच्या गाठी नव्हेत) असं सगळं एकत्र काढण्याची पद्धत रूढ केली. पुढची सत्तरएक वर्षं जगभरच्या सर्जननी तीच गिरवली. अमेरिकेत १९७० च्या दशकापर्यंत बायका बायोप्सीसाठी भूल घेत आणि शुद्धीवर आल्यावर हाताने चाचपून बघत, स्तन आहे की गेला. मग पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर आणि मिलानचे उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखे बायकांचे गट पाडून दोन्ही पद्धतींची रीतसर तुलना केली. २००२ साली दोघांचे वीस वर्षांचे निष्कर्ष एकाच वेळी प्रसिद्ध झाले. मिलानच्या ७०१ बायकांमध्ये त्याच स्तनात आजार परतण्याचं प्रमाण गाठ काढलेल्यांत ८.८ टक्के होतं, पूर्ण काढलेल्यांत त्या जागी २.३ टक्के. म्हणजे फरक आहे, आणि तो लपवू नये. पण वीस वर्षांतले एकूण मृत्यू ४१.७ आणि ४१.२ टक्के. जवळजवळ सारखेच. कारण जिवावर बेततं ते बहुतेकदा स्तनात परतलेल्या गाठीने नव्हे, तर रक्तातून आधीच यकृतात, हाडांत, फुप्फुसात जाऊन बसलेल्या पेशींनी, आणि छातीवरचं ऑपरेशन कितीही मोठं केलं तरी ते तिथे पोचत नाही. तिथे पोचतात किमो, हार्मोनच्या गोळ्या, हर्सेप्टिनसारखी औषधं.

म्हणूनच ‘काढलं की सुटलो’ हे जे घरोघरी बोललं जातं त्याची मला सर्वांत जास्त भीती वाटते. किमो लागेल की नाही हे गाठीच्या जातीवर आणि ती कुठवर पसरली आहे त्यावर ठरतं, ऑपरेशन कुठलं केलं त्यावर नाही. काखेतल्या गाठींत आजार जास्त पसरलेला निघाला तर स्तन काढूनही रेडिएशन लागतं. सुटका मिळेल म्हणून स्तन दिला आणि पुढच्याच आठवड्यात किमोची तारीख हातात आली, असं झालं की बाई मनाने कोसळते. तिला खोटं कुणी सांगितलेलं नसतं. पूर्ण कुणी सांगितलेलं नसतं.

काढणंच बरोबर, अशा जागा पुष्कळ आहेत. स्तनाच्या मानाने गाठ फार मोठी असेल, आजार अनेक ठिकाणी विखुरलेला असेल, छातीला आधी रेडिएशन मिळालेलं असेल, संपूर्ण स्तन लाल होऊन सुजणारा प्रकार असेल. बीआरसीए जनुकात दोष सापडला (तो असला की स्तनाच्या कॅन्सरचा धोका बराच वाढतो) तर दोन्ही बाजूंचा विचार रास्त ठरतो. आपल्याकडे बायका उशिरा येतात, गाठ लिंबाएवढी झाल्यावर येतात, त्यामुळे तिकडच्या सर्जनना काढावं जास्त लागतं, यात त्यांचा दोष नाही. अशा वेळीसुद्धा आधी किमो देऊन गाठ लहान करता येते का, एवढं विचारावं. अनेकदा येते.

परदेशात सगळं शहाणपणाने चालतं असं म्हणायला मी हे लिहीत नाही. अमेरिकेत जनुकीय दोष नसलेल्या, एकाच बाजूला छोटी गाठ असलेल्या कितीतरी बायका दोन्ही स्तन काढून घेतात. निरोगी बाजू काढल्याने अशा बाईचं आयुष्य वाढतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. त्यांना माहिती भरपूर मिळते, विमा स्तनाच्या पुनर्रचनेचे, म्हणजे ऑपरेशनने पुन्हा आकार देण्याचे, पैसे देतो, १९९८ पासून तसा कायदाच आहे, आणि तरी निर्णय भीतीच घेते. आणि इथला एकटेपणा. पुस्तिका, आकडे, ‘तुमचा निर्णय’ असं हसून सांगणारे डॉक्टर, आणि रात्री स्वयंपाकघरात ती पुस्तिका पुन्हा पुन्हा उलगडणारी बाई. त्या रात्री मला माझी आई, मावशी, ताई, कुणीही जवळ हवं होतं. निर्णय घ्यायला नाही, नुसतं बसायला. कणकवलीत ताईच्या घरी निदान झाल्यापासून रोज कुणीतरी मुक्कामाला होतं. ते इथे विकत मिळत नाही. आपल्या माणसांची ही ताकद मला माहीत आहे, म्हणून तर तिचा असा वापर झालेला बघवत नाही.

कायद्याचंही सांगते, कारण ताईच्या मुलाने, माझ्या भाच्याने, मला विचारलं होतं, ‘मावशी, सही मीच करायची ना?’ नाही. २००८ सालच्या समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. तिथे तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय आणि बीजकोश, बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन काढले गेले होते. न्यायालय म्हणालं, रुग्ण सज्ञान आहे, जिवावरचा तातडीचा प्रसंग नव्हता, शुद्धीवर आल्यावर तिलाच विचारता आलं असतं, आईची संमती चालणार नाही. आईची चालत नाही तर मुलाची कशी चालेल?

भाचा चांगला मुलगा आहे. त्याने त्याच रात्री आईला खरं सांगितलं. ताई रडली, मग मला फोन केला. मी वाट बघत होते की ती ‘जगेन ना’ असं विचारेल. तिने विचारलं, ‘गो, हात पयल्यासारखो वर जातलो मां?’ तिचा आगळ आणि आंबापोळीचा घरगुती धंदा आहे, बरण्या वरच्या फळीवर असतात. ग्रुपवरच्या एवढ्या चर्चेत काखेचा मुद्दा कुणाच्या डोक्यातही आला नव्हता. खरं तर स्तनाच्या ऑपरेशनइतकाच तोही निर्णय मोठा आहे. काखेतल्या सगळ्या गाठी काढल्या की काही बायकांचा हात कायमचा सुजतो, बांगडी चढत नाही, विळीवर बसवत नाही. म्हणून काखेत आजार आधी दिसत नसेल तर रंगद्रव्य टोचून पहिल्या एक-दोन गाठी शोधून तेवढ्याच तपासतात, त्या स्वच्छ निघाल्या तर बाकीच्यांना हात लावत नाहीत. हे मी तिला सांगितलं आणि सर्जनना विचारायला लावलं. आणखी एक विचारायला सांगितलं, ते परळच्या टाटा मेमोरियलचं काम आहे: ऑपरेशनच्या आधी गाठीभोवती लिडोकेन टोचलं, म्हणजे दात काढताना हिरडी बधिर करायला वापरतात तेच औषध, तर पाच वर्षांनी जिवंत असलेल्या बायकांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. १६०० बायकांवरचा हा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. औषध अगदी स्वस्त आहे.

मुंबईच्या सर्जनबाईंनी भाच्याला बाहेर बसवलं आणि ताईशी एकटीशी बोलल्या. ताईने स्तन काढायचं ठरवलं. तिची कारणं तिची होती. रेडिएशन म्हणजे मुंबईचा मुक्काम, तोही ऐन आंब्याच्या तोंडावर. शिवाय उरलेल्या भागात पुन्हा काही निघेल का, ही धास्ती तिला दर वर्षी नको होती. काखेत काही सापडलं तर रेडिएशन तरीही लागू शकेल हे ऐकून, समजून तिने सही केली. मी माझ्या वेळी नेमकं उलटं ठरवलं होतं. तिचा निर्णय मला मान्य आहे. ग्रुपवर मात्र ‘बरं झालं, मोठ्यांचं ऐकलं’ असं लिहून आलं, ते मला मान्य नाही. मोठ्यांनी सांगितलं तेव्हा तिला आजारही माहीत नव्हता.

तरी तिच्या पहिल्या कारणाशी माझं भांडण आहे, तिच्याशी नाही, त्या कारणाशी. भाचा म्हणतो, ‘मावशी, तुझ्याकडे सगळं फुकट आहे, तू बोलू शकतेस.’ बरोबर आहे. माझा निर्णय सोपा होता कारण मशीन घरापासून बसच्या अंतरावर होतं आणि पैसे कुणी मागितले नाहीत. महात्मा फुले योजनेत ऑपरेशनचे आणि रेडिएशनचे पैसे मिळतात, पण मुक्काम, सोबतीच्या माणसाचं खाणं आणि बुडालेला रोज घरालाच सोसावा लागतो. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा नसती तर टाटाला आलेल्या कितीतरी घरांनी उपचार अर्ध्यावर सोडले असते. आता यात एक गोष्ट बदलली आहे. पूर्वी पाच आठवडे चालणारं रेडिएशन आधी तीन आठवड्यांवर आलं, आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या इथल्या ‘फास्ट-फॉरवर्ड’ अभ्यासाने, ४०९६ रुग्णांवर, दाखवलं की योग्य रुग्ण निवडले तर एका आठवड्यातले पाच डोस पाच वर्षांच्या निष्कर्षांत तीन आठवड्यांच्या बरोबरीचे ठरतात. लीड्सच्या बाईचे यात दोन आठवडे वाचतात, एवढंच. कणकवलीच्या बाईला यात स्तन राखायचा की नाही हा पर्यायच परत मिळू शकतो. प्रत्येकीला तो लागू होईल असं नाही, पण ‘मला चालेल का?’ हा प्रश्न ऑपरेशनच्या आधी विचारला जायला हवा. नंतर विचारून उपयोग नाही.

आणि एक माणूस. इथे निदानाच्या दिवशीच मला एक ब्रेस्ट केअर नर्स नेमून दिली होती. डॉक्टर बोलत असताना ती बाजूला बसायची, ते गेले की तेच पुन्हा साध्या भाषेत सांगायची. जखमेतला ड्रेन, म्हणजे साचणारं पाणी बाहेर काढणारी नळी, कसा रिकामा करायचा, भिंतीला बोटं टेकवून हात कधीपासून वर न्यायचा, आतल्या कपड्यात काय घालायचं, नवऱ्याला काय सांगायचं, सगळं तिने शिकवलं. जिल्ह्याच्या रुग्णालयात असं पद निर्माण करायला मशीनसारखे कोट्यवधी लागत नाहीत. तिला मालवणी यावी, जळगावला अहिराणी यावी, खोलीतून नातेवाइकांना बाहेर काढायचा अधिकार असावा, आणि तिचा फोन नंबर पेशंटच्या मोबाइलमध्ये असावा, मुलाच्या नाही.