दोन कोटींचा म्हातारा वाघ

परवा रात्री साडेअकराला मामांचा मेसेज आला. मामा चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यात धान करतात. कापणीआधीचे पंधरा-वीस दिवस ते बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतात, जागलीला असतात. डबा वाजवायचा, बॅटरी मारायची आणि मधल्या वेळात मोबाइल बघायचा. मेसेज लांबलचक होता. वर "डोळे उघडणारं सत्य", खाली "दहा ग्रुपवर पाठवा" आणि त्याखाली मामांचे स्वतःचे शब्द : "यात खोटं काय हाये, सांग बरं."

हाच मेसेज आठवडाभरात मला चार ग्रुपवर आला होता आणि चारही वेळा मी तो न वाचता सोडून दिला होता. आता मामांनीच विचारलं म्हणून बसून वाचला, आणि टाळकं सणकलं.

ज्यांच्यापर्यंत तो अजून पोचलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. नामिबियानं एक म्हातारा गेंडा लिलावात साडेतीन लाख डॉलरला शिकाऱ्याला विकला. शिकाऱ्यांचा पैसा थेट गरीब गावांत जातो. मारतात ते फक्त म्हातारे, निरुपयोगी नर. भारतानं मात्र १९७२ ला शिकारबंदी केली आणि शेतकऱ्याला जनावरांच्या तोंडी दिलं. प्राणीप्रेमाची नाटकं करणाऱ्या नट-नट्यांच्या संस्था देणग्या गिळतात, पॉप गायिका मॅडोनाचंच बघा. म्हणून ताडोबातले म्हातारे वाघ परदेशी शिकाऱ्यांना दोन-दोन कोटींना द्या, शेतकऱ्याचं कर्ज फिटेल. सोबत अवनी वाघिणीचा फोटो.

आधी फोटो निकालात काढू. टी-१ म्हणजेच अवनी, २ नोव्हेंबर २०१८ ला यवतमाळ जिल्ह्यात गोळी घालून मारली गेली. १३ माणसांचे बळी तिच्या नावावर होते. तिला मारलं ते बरोबर की चूक, यावरून आजही भांडणं होतात, होऊ द्या. पण ती हौसेची शिकार नव्हती. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षकाचा लेखी आदेश लागतो, आणि मेलेलं जनावर सरकारजमा होतं. मारणाऱ्याला त्यातलं एक नखही ठेवता येत नाही. ट्रॉफी हंटिंगमध्ये तर पैसे मोजायचे तेच मुळी डोकं, कातडं, शिंग घरी न्यायला. तेव्हा त्या फोटोचं इथे काही काम नाही.

आता तो दोन कोटींचा वाघ. हा मुद्दा मी तीनदा वाचला. लिहिणाऱ्यानं चंद्रपूर जिल्हा निदान नकाशावर तरी पाहिला असेल का, अशी शंका येते.

मामा, वाघडोह आठवतो? चेहऱ्यावर जखमांचे व्रण, म्हणून पर्यटक त्याला स्कारफेस म्हणायचे. एके काळी ताडोबात त्याचा दरारा होता. वय झालं, तरुण नरांपुढे टिकेना, तसा जंगलाबाहेर ढकलला गेला आणि मे २०२२ मध्ये चंद्रपूरजवळ सिनाळ्याच्या जंगलात मेलेला सापडला. वय सुमारे १७. जंगली वाघाच्या मानानं खूपच. मेसेजच्या हिशेबानं हा अगदी आदर्श माल : म्हातारा, नर, 'निरुपयोगी'. पण असा खंगलेला, दात झिजलेला वाघ दिवाणखान्याच्या भिंतीसाठी कोण विकत घेणार? शिकाऱ्यांच्या विक्रमांच्या वह्या असतात. त्यात कवटीची लांबी-रुंदी आणि शिंगांचे इंच मांडतात. एवढी रक्कम मोजून येणारा माणूस भरातला, देखणा नरच मागणार. फुकटचा सल्ला देणाऱ्याला हे कळत नसेल, पण धंदा करणाऱ्याला नक्की कळतं.

आणि हे मी मनचं सांगत नाही. झिंबाब्वेतल्या ह्वांगे राष्ट्रीय उद्यानात ऑक्सफर्ड विद्यापीठाचं पथक वर्षानुवर्षं सिंहांच्या गळ्यात रेडिओ पट्टे घालून त्यांच्या मागावर आहे. १९९९ ते २००४ या काळात त्यांनी खूण केलेल्या प्रौढ नरांपैकी ७२ टक्के नर उद्यानाच्या भोवतालच्या शिकार-क्षेत्रांत हौशी शिकाऱ्यांनी मारले. मारलेल्या नरांत ३० टक्क्यांहून जास्त तर चार वर्षांच्या आतले, म्हणजे पुरते वयातही न आलेले. म्हातारे कुठे गेले मग? सिंहाचं वय ओळखायला नाकावर वाढत जाणारा काळेपणा बघतात. शंभर पावलांवरून, संध्याकाळच्या उजेडात, सुट्टी संपत आलेला पाहुणा नाकाचा काळेपणा मोजत बसेल, यावर ज्याचा विश्वास असेल त्यानं ठेवावा.

२०१५ साली गाजलेला सेसिल सिंह याच उद्यानातला, गळ्यात याच पथकाचा पट्टा. तो १३ वर्षांचा होता, म्हणजे म्हातारा, हे मान्य. अमेरिकेतल्या एका दंतवैद्यानं आधी त्याला बाण मारून जखमी केलं आणि संपवलं काही तासांनी. दोन वर्षांनी त्याचा मुलगा झांडा मारला गेला, तोही पट्टा घातलेला आणि पिल्लांचा बाप. तो जेमतेम सहा वर्षांचा होता.

नर मेला की तेवढ्यावर थांबत नाही, हे वाघाच्या मुलखात राहणाऱ्याला सांगायला नको. हद्द मोकळी पडते. बाहेरचे नर आत येतात, आपसांत भांडतात आणि आधीच्या नराची पिल्लं मारतात. सिंहात हेच, वाघात हेच. पिल्लं वाचवायला वाघीण जंगल सोडून कडेला येते. कडेला काय असतं? तुमची बांधी, तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाया, वाकून मोहफुलं वेचणारी म्हातारी. म्हणजे दोन कोटी ज्याच्या खिशात जायचे त्याच्या जातील, आणि वाघीण येईल तुमच्या धुऱ्यावर.

बरं, मामांचं पीक खातो कोण? रानडुक्कर. मागच्या वर्षी त्यांच्या एका बांधीत मी उभा होतो. धान आडवं पडलेलं, चिखल नांगरल्यासारखा उलथलेला, मधोमध डुकरांनी लोळून केलेला खड्डा. मामा काही न बोलता ओंब्या वेचत होते. त्या डुकरासाठी टेक्सासहून कोण येणार? तिथे डुकरं इतकी माजली आहेत की ती हेलिकॉप्टरमधून मारायला कायद्यानं परवानगी आहे. शिकाऱ्याला हवं असलेलं जनावर आणि शेतकऱ्याला नको असलेलं जनावर ही दोन वेगळी जनावरं आहेत. मेसेजवाल्यानं ती एकाच दावणीला बांधली, आणि माझा खरा राग यावरच आहे. रात्र रात्र जागणाऱ्या माणसाच्या वैतागाचा त्यानं वापर केलाय.

आता पैसा गावात जातो का ते बघू. २०१३ साली इकॉनॉमिस्ट्स ॲट लार्ज या ऑस्ट्रेलियातल्या गटानं आफ्रिकेतल्या शिकारधंद्याचा हिशेब मांडला. शिकार कंपन्यांच्या उत्पन्नातला जेमतेम ३ टक्के भाग त्या भागात राहणाऱ्या लोकांपर्यंत पोचतो, असं त्यात आहे. हा अहवाल प्राणी-संघटनांच्या पैशातून झाला, हे मीच आधी सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी खाली येऊन सांगेलच. पण ३ टक्क्यांचा आकडा त्यांच्या घरचा नाही. तो शिकारीची बाजू घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं छापलेल्या अभ्यासातून घेतलाय. शंभरातले तीन. बाकीचे दलाल, कंपनी, परवाने, तंबू, विमान.

नामिबियाचा गेंडा खरा आहे. नाइलाजानं मान्य करतो. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेत डॅलसला लिलाव झाला, साडेतीन लाख डॉलर आले, त्या वेळच्या दरानं दोन कोटींच्या वर, आणि ते नामिबिया सरकारच्या वन्यजीव निधीत गेले. नामिबियात ८० हून जास्त सामुदायिक संवर्धन क्षेत्रं आहेत. त्यांतल्या काही गावांना शिकारीतून खरोखर पैसा आणि मांस मिळतं, आणि उद्या शिकार बंद झाली तर त्यांचे हाल होतील. दक्षिण आफ्रिकेतला पांढरा गेंडा शंभराच्या आतून हजारांवर गेला, त्यातही खाजगी मालकी आणि शिकारीचा वाटा आहे. उलट केनियानं १९७७ ला बंदी घातली आणि पुढच्या चाळीस वर्षांत तिथले वन्यप्राणी सरासरी दोन तृतीयांशांनी घटले. लोकसंख्या, गुरं, कुंपणं, दुष्काळ ही त्याची कारणं, पण नुसत्या बंदीनं जंगल वाचत नाही एवढं त्यातून दिसतंच. मात्र नामिबियात जमीन अफाट आणि माणूस विरळ आहे. आपल्याकडे ब्रम्हपुरीच्या जंगलात वाघाची पाऊलवाट आणि गावाची पांदण एकच असते. तिथलं गणित उचलून इथे चिकटवता येत नाही.

१९७२ च्या बंदीबद्दल फार लिहीत नाही. हा प्रयोग आपण आधीच केलाय. पन्नास-साठच्या दशकांत परदेशी पाहुण्यांना वाघ मारून देणाऱ्या शिकार कंपन्या देशात चालायच्या, आपल्या नागपुरातूनही. तेव्हाही हेच सांगितलं जायचं की परकीय चलन येतं. १९७२ च्या गणतीत देशात १,८२७ वाघ उरले होते. २०२२ चा अंदाज ३,६८२, महाराष्ट्रात ४४४. मधे राजस्थानात सरिस्का झालं, तिथले सगळे वाघ चोरट्या शिकाऱ्यांनी संपवले, तेही विसरायचं कारण नाही. आणि पीक उद्ध्वस्त करणाऱ्या रानडुकराला मारायची परवानगी आजच्या कायद्यातही वनखात्याकडे अर्ज करून मिळू शकते. त्यावरूनच २०१६ मध्ये मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर या दोन केंद्रीय मंत्र्यांची जाहीर जुंपली होती. अर्जापासून परवानगीपर्यंतचा त्रास हा वेगळा विषय. त्यावर मेसेज फिरवा, मीही पुढे पाठवतो.

राहिल्या नट-नट्यांच्या संस्था. मॅडोनाच्या संस्थेनं मलावीत मुलींची शाळा बांधायला ३८ लाख डॉलर खर्च केले आणि २०११ मध्ये ती योजनाच गुंडाळली, हे खरं. गायक वाइक्लेफ जाँ याच्या संस्थेनं हैतीच्या २०१० च्या भूकंपात १ कोटी ६० लाख डॉलर जमवले, त्यातले एक तृतीयांशही मदतीला लागले नाहीत, हेही खरं. मेसेजवाल्याला हे दुसरं उदाहरण सापडलं नव्हतं, घ्या माझ्याकडून. पण यात प्राणी कुठे आहेत? आणि त्याच मॅडोनाच्या संस्थेनं २०१७ मध्ये मलावीतल्या ब्लँटायरला मुलांच्या शस्त्रक्रियांचं रुग्णालय उभं केलं, तेवढं बरं गाळलं.

प्राण्यांचंच उदाहरण हवं तर सेसिलचंच घ्या. अमेरिकी टीव्हीवरचा विनोदी सूत्रसंचालक जिमी किमेल बोलता बोलता रडवेला झाला आणि त्यानं लोकांना पैसे द्यायला सांगितलं. स्वतःच्या संस्थेला नव्हे, सिंहांना पट्टे घालणाऱ्या त्या ऑक्सफर्डच्या पथकाला. पुढच्या काही महिन्यांत दहा लाख डॉलरच्या आसपास जमले.

देणगी देताना हिशेब मागावाच. आपल्याकडे विश्वस्त संस्थेला धर्मादाय आयुक्तांकडे लेखापरीक्षण केलेले हिशेब द्यावे लागतात. ते मागा. नुसतं 'पगारावर इतके टक्के खर्च' ऐकून मात्र भडकू नका. जंगल राखणं म्हणजे माणसानं पायी फिरणं, तो खर्च पगारातच दिसणार. आणि एखाद्या संस्थेनं पैसे खाल्ले तर विश्वस्तांना धरा. दानपेटीत चोरी झाली म्हणून देवाची मूर्ती लिलावात काढत नाहीत.

हे सगळं टाइप करून मामांना पाठवणार होतो, पण एवढं वाचतील कधी, म्हणून फोनच लावला. दहा-बारा मिनिटं त्यांनी ऐकून घेतलं. वाघडोहाच्या नावाला "हो, त्याले पाह्यलो होतो मी" म्हणाले. मग जरा वेळ काहीच बोलले नाहीत.

"म्हंजे आपल्या डुकराले कोनी गिऱ्हाईक नाही."

"नाही, मामा."

"मंग त्या मेसेजात आपलं काय हाये? थांब, खालच्या धुऱ्यावर कुत्रं भुंकून राह्यलं." फोन बंद.