आणि त्याच्या आधी?

आयुष्य समाधानाने जगायचं असेल तर लक्ष ताब्यात ठेवायला शिका, असं हल्ली जो तो सांगतो. सांगणाऱ्याचं काय जातं! डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्या म्हणे. मी देतो. आत आला, बाहेर गेला, पुन्हा आत आला. इथपर्यंत झकास. तेवढ्यात आठवतं, विजेचं बिल भरायचं राहिलंय. बिलावरून पासवर्ड, पासवर्डवरून तो सारखा बदलायला लावणाऱ्यांची अक्कल, आणि तिथून थेट शाळेत भूमितीच्या मास्तरांनी सगळ्यांदेखत केलेला पाणउतारा. त्यांना तेव्हा काय उत्तर द्यायला हवं होतं ते अखेर सुचतं, आणि ते इतकं चोख असतं की मी खुशीत डोळे उघडतो. श्वास मधल्या काळात आपला आपण चालू राहिला, हे त्याचे उपकार.

विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने १८९० मध्ये लिहून ठेवलंय की भरकटलेलं लक्ष पुन्हा पुन्हा वळवून आणता येणं हेच विवेकाचं, चारित्र्याचं आणि इच्छाशक्तीचं मूळ. ते शिकवणारं शिक्षण म्हणजे सर्वोत्तम शिक्षण. मी सरसावून बसलो. लगेच पुढे ते म्हणतात, असा आदर्श सांगणं सोपं, तो साधायचा कसा हे सांगणं अवघड. दोन जाडजूड खंड लिहिणारा माणूस नेमका इथे हात वर करतो! तरी एक बरं, लक्ष पळणार हे त्यांनी धरूनच चाललंय. कसब आहे ते पळालंय हे वेळेवर कळण्यात. मला साधारण दुसऱ्या दिवशी कळतं.

मी एकटाच असा नाही. हार्वर्डच्या दोघा संशोधकांनी २०१० मध्ये २२५० माणसांना फोनवरून अवचित गाठून विचारलं होतं, आत्ता काय करताय, मन कुठंय, बरं वाटतंय का. जवळजवळ ४७ टक्के वेळा मन भलतीकडेच होतं आणि अशा वेळी माणसं कमी सुखी होती. गोड विचारांत रमलेली मंडळीसुद्धा हातातल्या कामात असलेल्यांपेक्षा जास्त सुखी नव्हती. (ज्यांचं लक्ष खरोखर कामात होतं, त्यांचं या फोनने काय केलं कुणास ठाऊक.)

घरात माझं भागत होतं ते कानांच्या जिवावर. ऐकलेले शेवटचे शब्द, लक्ष नसलं तरी, काही सेकंद कानात घुमत राहतात. ही निसर्गाने संसारी माणसासाठी केलेली सोय आहे असं माझं ठाम मत. ‘मी काय म्हणाले?’ असं बायकोने विचारलं की मी शेवटचे चार शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवायचो. वर थोडं गंभीर व्हायचो. एके दिवशी तिने विचारलं, ‘आणि त्याच्या आधी?’

त्याच्या आधी काहीच नव्हतं. नुसता वारा.

मग ठरवलं, श्वास राहू दे, सराव बायकोवरच करायचा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवला. टेबलावर पालथा घातलेला फोन म्हणजे झोपेचं सोंग घेतलेलं पोर, कधी उठून बसेल सांगता येत नाही. समोर बसलो आणि ऐकू लागलो. आधी तिची उजवी भुवई वर जाते आणि वाक्य मागून येतं, हे मला इतक्या वर्षांनी दिसलं. हात किती सुंदर हलतात! भुवईत गुंतून दोन वाक्यं निसटली, पण परत आलो.

ती सांगत होती, ‘राणी हल्ली माझ्याकडे बघतसुद्धा नाही. कामापुरती येते आणि तोंड फिरवून निघून जाते.’

ऑफिसातलं प्रकरण दिसतंय. मी पुढे झुकलो, तिच्या डोळ्यांत बघितलं आणि अगदी मनापासून म्हणालो, ‘मनात ठेवू नकोस. एकदा समोर बसव आणि स्पष्ट बोलून टाक तिच्याशी.’

भुवई वर गेली.

‘राणी मांजर आहे,’ बायको म्हणाली. ‘रोज संध्याकाळी तुझ्याच मांडीवर झोपते.’