मराठी यूआरएल आणि १०१ क्वेरी: दोन आक्षेपांना उत्तर

तुमचे आक्षेप दोन आहेत. मराठी शीर्षकाच्या पानांवर ४०४ (‘पान सापडलं नाही’) येतो, म्हणून जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये पत्ते ठरवणारं ‘पाथ’ टाकून ‘री_पाथ’मध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन (अक्षरांचा नमुना) लिहावी. आणि यादीचं पान रखडतं, म्हणून पायथन कोडवरून डेटाबेसच्या क्वेरी (विचारणा) बनवणारं ओआरएम सोडून थेट एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसची भाषा, लिहावं. दुखणी खरी आहेत, औषध मात्र मला पटत नाही.

पत्त्यातला शीर्षकाचा तुकडा म्हणजे स्लग; तो ओळखणारा जँगोचा ‘स्लग’ कन्व्हर्टर फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे, हायफन आणि अंडरस्कोर घेतो, म्हणून ४०४. पण रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये तुम्ही सुचवलेल्या ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’नेही (‘कुठलंही अक्षर, आकडा किंवा अंडरस्कोर’) काम होत नाही. पायथनच्या ‘री’ या रेग्युलर एक्स्प्रेशनच्या मोड्यूलच्या लेखी काना, वेलांटी, अनुस्वार ही अक्षरंच नाहीत. ‘पोहे’मधल्या पहिल्या ओकाराशीच जुळणी तुटते. शीर्षकाचा स्लग बनवणाऱ्या जँगोच्या ‘स्लगिफाय’ला युनिकोडची (इंग्रजीबाहेरच्या अक्षरांची) परवानगी दिली तरी ‘मराठी’चं ‘मरठ’ होऊन येतं. आपल्या भाषेची ही मोडतोड मला सहन होत नाही.

देवनागरीच्या युनिकोड पट्ट्यापुरता स्वतःचा कन्व्हर्टर लिहिता येतो. पण ‘पुऱ्या’ काही कीबोर्डांवर अदृश्य जोडचिन्ह घालून टाइप होतं आणि ते चिन्ह त्या पट्ट्याबाहेरचं आहे. म्हणून माझा आग्रह असा: यूआरएलमध्ये आधी ‘इंट’ (पूर्णांक) आयडी, मग ‘स्ट्र’ (कुठलाही मजकूर, ‘/’ सोडून) स्लग. नोंद आयडीवरूनच शोधा. स्लग जुळला नाही तर योग्य पत्त्यावर रीडायरेक्ट करा. जँगो पॅटर्न वरून खाली तपासतो आणि पहिला जुळला की थांबतो. नुसता ‘स्ट्र’ वर ठेवला तर ‘लेख/नवीन/’सुद्धा तोच गिळतो, आयडी पुढे असला की तो धोका नाही.

आता क्वेरी. ५० लेखांच्या यादीत लेखकाचं नाव आणि टॅग दाखवायचे, तर टेम्प्लेटच्या लूपमध्ये प्रत्येक लेखामागे दोन क्वेरी सुटतात. मूळची एक धरून १०१. हाच लूप हाताने लिहिलेल्या एसक्यूएलने चालवलात तरी आकडा तोच राहील. लेखक फॉरेन की आहे (प्रत्येक लेख एकाच लेखकाकडे बोट दाखवतो), त्याला ‘सिलेक्ट_रिलेटेड’ लावा, म्हणजे जॉइन होतो, दोन्ही तक्ते एकाच क्वेरीत जोडले जातात. टॅग मेनी-टू-मेनी आहेत (एका लेखाला अनेक टॅग, एका टॅगचे अनेक लेख), त्यांना ‘प्रीफेच_रिलेटेड’. ते एका वेगळ्या क्वेरीत एकदम येतात. एकूण दोन. मात्र त्याच टॅगवर लूपमध्ये पुन्हा ‘फिल्टर’ लावलात तर आणलेलं वाया जातं आणि दर लेखामागे नवी क्वेरी सुटते. तिथे ‘प्रीफेच’ ऑब्जेक्टमध्येच फिल्टर द्या.

किचकट अहवालांसाठी थेट एसक्यूएल मीही लिहीन, पण व्हॅल्यू पॅरामीटर म्हणूनच देऊन, स्ट्रिंगमध्ये जोडून कधीच नाही. तुमच्या यादीसाठी आधी पानावरच क्वेरी दाखवणाऱ्या डीबग टूलबारमध्ये क्वेरी मोजा, दुरुस्ती करा आणि टेस्टमध्ये क्वेरींची संख्या तपासणाऱ्या ‘असर्टनमक्वेरीज’ला २ हा आकडा द्या. त्यानंतरही पान रखडलं, तर ती क्वेरी ‘एक्स्प्लेन’सकट (डेटाबेस ती कशी चालवतो, याचा तपशील) इथे टाका, आपण इंडेक्सकडे (शोध जलद करणाऱ्या सूचीकडे) बघू.